पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर टेनेरिफसारखी दोन विमानांची धडक होऊ शकते का?

नुसत्या पावसामुळे तशी धडक होत नाही, त्यामुळे गणपतीला मुलांना विमानाने खुशाल येऊ द्या. चिपीला धावपट्टी दिसेनाशी झाली, तर विमान घिरट्या घालतं किंवा दुसऱ्या विमानतळाकडे वळवतात. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर २७ मार्च १९७७ रोजी दोन विमानं धडकून ५८३ माणसं गेली, ती धुकं आणि बोलण्यातली गफलत एकत्र आल्यामुळे. केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या कॅप्टनने उड्डाणाची परवानगी नसताना विमान धावपट्टीवर भरधाव सोडलं. पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं विमान अजून धावपट्टीवरच होतं आणि वैमानिक तसं रेडिओवर सांगतही होता; पण नेमका त्याच क्षणी विमानतळाचा नियंत्रण टॉवरही बोलला आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये दोन्ही संदेश एकमेकांत मिसळून ऐकू आली ती कर्कश शिट्टी. केवढे जीव गेले त्या तीन-चार सेकंदांत! तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द रेडिओवर फक्त परवानगी देताना, ती परत म्हणून दाखवताना किंवा रद्द करताना वापरायचा, असा दंडक आहे. मात्र धोका अगदीच संपलाय असं नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं प्रवासी विमान धावपट्टीवर उभ्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं, तेव्हा धुकं नव्हतं. प्रवासी विमानातले सगळे ३७९ जण वाचले, तटरक्षक दलाचे पाच जण गेले.