वाचकांचे प्रश्न : पडद्यावरची कॉफी

कॉफीवर पुष्कळ माहितीपट निघालेत म्हणे. एकच बघायचा तर कोणता?

‘ब्लॅक गोल्ड’. निक आणि मार्क फ्रान्सिस या भावांचा, २००६ सालचा, ७८ मिनिटांचा. बाकीच्या बहुतेक कॉफीपटांत वाफ, फेस आणि डोंगरावरचं धुकं भरपूर असतं, शेतकऱ्याला मिळणाऱ्या दराबद्दल मात्र कोणी तोंड उघडत नाही. इथे सगळा विषयच दराचा. इथिओपियातल्या ओरोमिया भागातल्या कॉफी शेतकऱ्यांच्या सहकारी संघाचे तेव्हाचे व्यवस्थापक तादेसे मेस्केला सभासदांच्या मालाला बरं गिऱ्हाईक शोधत देशोदेशी फिरतात आणि कॅमेरा त्यांच्या मागे असतो. गोदामात रांगेने बसलेल्या बायका हातांनी खराब दाणे वेचतात, तो भाग घाईने पुढे ढकलू नका. काळा किंवा आंबलेला एखादा दाणासुद्धा अख्ख्या कपाची चव घालवतो, म्हणून ती निवड लागते. आणि तेच काम सगळ्यांत स्वस्तात करून घेतलं जातं.

बघण्याआधी थोडी पार्श्वभूमी. कॉफी निर्यातीचे कोटे ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार १९८९ साली कोलमडला. पुढे व्हिएतनामचा माल बाजारात वाढत गेला आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका जातीच्या कॉफीचा भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली घसरला. चित्रपट त्या पडझडीनंतरचा आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत हाच भाव ४ डॉलरच्या वर होता, त्यामुळे त्यातले आकडे आजच्या वादात वापरू नयेत. शिवाय हा भाव कच्च्या दाण्यांचा. भाजताना वजन १५ ते २० टक्के घटतं. किलोभर कच्च्या मालातून कपाला १० ग्रॅम या हिशेबाने ऐंशीच्या आसपास कप निघतात. हॉटेलातल्या कपाच्या दराने हा गुणाकार करून बघितला की चित्रपट जास्त बोचतो.

‘अ फिल्म अबाउट कॉफी’मध्ये टोकियोच्या दुकानात कापडातून थेंब थेंब कॉफी गाळतात. तसंच मलमलीतून करून पाहिलं, तर कडू आणि गाळयुक्त झाली. काय चुकलं?

कापड चुकलं, पूड चुकली आणि बहुधा वेळही. ब्रँडन लोपर यांच्या २०१४ च्या या ६६ मिनिटांच्या चित्रपटातलं ते दुकान म्हणजे ‘दाइबो कॉफी’. ते २०१३ च्या अखेरीस बंद झालं, म्हणून तेवढ्यासाठी तरी हा चित्रपट जपून ठेवावा. पण कॅमेरा वेळ कापतो. आपल्याला धार दिसते ती दहा-वीस सेकंद. प्रत्यक्षात ते काम तीन-चार मिनिटांचं असतं.

मलमलीची वीण विरळ असते, बारीक पूड सरळ खाली उतरते. इथे लागतं जाड सुती फ्लॅनेल, एका बाजूने लव असलेलं. ही लव बहुतेक जण बाहेरच्या बाजूला ठेवतात. नवं कापड आधी दहा मिनिटं पाण्यात चमचाभर कॉफीपूड टाकून उकळा, म्हणजे खळ निघून जाते. ती राहिली तर कॉफीला कोऱ्या कापडाचा वास येतो.

पूड जाडसर हवी, साधारण बारीक रव्यापेक्षा मोठी. आपल्याकडे ‘फिल्टर कॉफी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत बऱ्याचदा चिकोरी असते. ती पाण्यात चिकट होऊन कापडाची भोकं बुजवते, पाणी तुंबतं आणि तुंबलेलं पाणी कडवटपणा ओढतं. त्यामुळे निव्वळ कॉफी घ्या, गडद भाजलेली, भाजून दोन-तीन आठवड्यांच्या आतली.

एका छोट्या कपाला २५ ग्रॅम पूड आणि सुमारे १५० मिली पाणी. त्यातलं पन्नासेक मिली पूड धरून ठेवते, हातात १०० मिली दाट कॉफी येते. पाणी ८० ते ८५ अंशांचं. उकळतं पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की पुरेसं उतरतं. पहिलं मिनिटभर मधोमध फक्त थेंब टाकायचे. पूड फुगून वर आली पाहिजे. फुगली नाही, तर पूड शिळी आहे, पुढची मेहनत वाया. मग दोऱ्याइतकी बारीक धार, मधल्या रुपयाएवढ्या जागेत. कडेच्या कापडावर धार गेली की पाणी पुडीला वळसा घालून उतरतं आणि कॉफी पांचट होते.

झाल्यावर कापड नुसत्या पाण्याने धुवा, साबण नको. पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा आणि पाणी रोज बदला. वाळवलंत तर धाग्यातलं कॉफीचं तेल हवेने खवट होतं आणि पुढच्या प्रत्येक कपात उतरतं.

‘द कॉफी मॅन’मधल्या स्पर्धेत सगळे इतके घाईत का असतात?

घड्याळामुळे. जागतिक बरिस्ता (म्हणजे कॉफी बनवून देणारे) स्पर्धेत १५ मिनिटांत चार एस्प्रेसो, चार दुधाची पेयं आणि चार स्वतः रचलेली पेयं द्यायची असतात, वर परीक्षकांशी अखंड बोलायचं. वेळ उलटली की सेकंदाला एक गुण जातो, पूर्ण मिनिट उलटलं की स्पर्धकच बाद. ऑस्ट्रेलियाचे साशा सेस्तिक यांनी २०१५ मध्ये सिएटलला ही स्पर्धा जिंकली, त्याची ही कथा. त्यात ज्या किण्वनाचा (आंबवण्याचा) उल्लेख आहे ते वाइनवाल्यांकडून उचललेलं : कॉफी बंद स्टीलच्या टाकीत भरायची आणि कार्बन डायऑक्साइड सोडून प्राणवायू हाकलून द्यायचा. किण्वन संथ आणि आटोक्यात राहतं. चित्रपट थोडा आरतीच्या सुरात आहे, पण टाकीजवळची दृश्यं उत्तम.

माहितीपट नको, गोष्ट हवी. मराठीत काही?

‘कॉफी आणि बरंच काही’ (२०१५, दिग्दर्शक प्रकाश कुंटे) गोड आहे, पण त्यात कॉफी म्हणजे वाट बघायचं निमित्त. कॉफीच कथानक असलेला हवा तर त्याच वर्षीचा इंडोनेशियन ‘फिलोसोफी कोपी’ बघा. कर्जात बुडालेलं दुकान, सर्वोत्तम कॉफीची पैज आणि त्या पैजेला सुरुंग लावणारी गावाकडची साधी कॉफी. भाजणी, दळण, चाखणं यांवर दिग्दर्शकाने खरोखर वेळ दिलाय. एरवी गोष्टीच्या सिनेमात कप रिकामाच असतो. नटाचं मनगट बघा, भरलेला कप कोणी इतका बेफिकीर हलवत नाही.

‘हॉट कॉफी’ कसा आहे?

चांगला, पण कॉफीवर नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत ७९ वर्षांच्या बाई मॅकडोनाल्ड्सची कॉफी सांडून गंभीर भाजल्या, त्या खटल्यापासून सुरू होणारा नुकसानभरपाईच्या कायद्यावरचा २०११ चा माहितीपट आहे. कॉफीप्रेमींसाठी त्यातलं एकच कामाचं : ती ८२ ते ८८ अंशांवर ठेवलेली असे. पिण्याजोगी कॉफी साठच्या आसपास असते.

आमच्या वाचनालयात ४० जणांसाठी ‘ब्लॅक गोल्ड’ दाखवायचाय, सोबत कॉफी. हिशेब सांगा.

माणशी १५० मिली धरली तर ६ लिटर. लिटरला ६० ग्रॅमने ३६० ग्रॅम जाडसर पूड. तेवढी पूड पाऊण लिटर पाणी पिते, म्हणून पावणेसात लिटर पाणी घ्या. उकळी आल्यावर गॅस बंद, अर्ध्या मिनिटाने पूड, एकदा ढवळणं, चार मिनिटं झाकण, मग दुहेरी कापडातून गाळून गरम पाण्याने तापवलेल्या थर्मासात. गॅसवर ठेवून गरम राखू नका, अर्ध्या तासात करपट लागते. निम्मी आधी करा, निम्मी चित्रपट संपायच्या दहा मिनिटं आधी. दूध आणि साखर वेगळं ठेवा. जायफळ घालायचंच असेल तर दुसऱ्या फेरीला, पहिल्या कपात घातलं तर जायफळाशिवाय काहीच कळणार नाही.

आणि घरच्या ओटीटी खात्यावरून लावू नका, ती परवानगी घरगुती बघण्यापुरती असते. तिकीट नसलं तरी वितरकाला लिहून सार्वजनिक खेळाची परवानगी मागा. उत्तराला वेळ लागतो, तेव्हा तारीख जाहीर करण्याआधीच पत्र पाठवा.