डोळे थकले, पण वाचन सुटत नाही

प्रश्न : वय 68. बारीक टाईप वाचवत नाही. नातू म्हणतो, ई-रीडर घे, म्हणजे पडद्यावर पुस्तकं वाचायचं यंत्र. पण कपाटात यजमानांची पुस्तकं आहेत, समासात त्यांचं अक्षर आहे. काय करू?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, ई-रीडर घ्याच. माझ्या आईला मी तोच दिला. अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि ई-इंकचा पडदा गच्चीवरच्या उन्हातही कागदासारखा दिसतो. पीडीएफ, म्हणजे ठरलेल्या पानांच्या फाईलमधली पुस्तकं मात्र टाळा; अक्षर वाढवलं की ओळ पडद्याबाहेर जाते. सगळी मराठी पुस्तकं ई-आवृत्तीत मिळत नाहीत, तेव्हा आवडीची मिळतात का, हे नातवाला आधी बघायला लावा.

यजमानांची पुस्तकं कोणालाही देऊ नका. ते अक्षर दुसरीकडे कुठेच मिळायचं नाही. फक्त कपाट कूलरच्या वाऱ्यापासून लांब सरकवा, ओलीनं पानांना बुरशी धरते.