वाचकांचे प्रश्न : सगळ्यांच्या हाताला येईल अशी बाग

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मागे गुंठाभर मोकळी जागा आहे. तिथे सामायिक भाजीबाग करायची आहे. सोसायटीत 19 ते 26 वयाचे चार दिव्यांग तरुण-तरुणी आहेत : एक जण व्हीलचेअरवर, एक स्वमग्न, दोघांना बौद्धिक अक्षमता. आराखड्याची सुरुवात कुठून करावी?
— सोसायटीचे सचिव, पुणे

वाफ्यांपासून नको, वाटांपासून करा. कागदावर रेघा मारण्याआधी जमिनीवर फक्की टाकून वाटा आखा आणि त्या चौघांना त्यावरून फिरायला सांगा. कुठे वळताना अडतं, कुठे उन्हात थांबावं लागतं, नळ किती लांब वाटतो, हे त्यांच्याकडूनच कळेल. आई-वडिलांना विचारून काम भागवू नका. ही मंडळी प्रौढ आहेत.

वाट किमान 4 फूट रुंद हवी. टोकाला आणि वळणावर 5 फूट × 5 फूट मोकळी जागा ठेवली तर खुर्ची पूर्ण वळते. उतार 1:12 पेक्षा तीव्र नको, म्हणजे 6 इंच चढायला 6 फूट लांबी. सुट्या खडीत पुढची छोटी चाकं रुततात आणि मुरूम पहिल्याच पावसात चिखल होतो. पेव्हर ब्लॉक चांगले, पण खाली 4 इंच खडी धुमसून वर कच पसरल्याशिवाय बसवू नका. पाया कच्चा राहिला की ब्लॉक खचतात, कडा वर येतात आणि अर्ध्या इंचाच्या त्या कडेवर खुर्ची अडते. पाणी निघून जाण्यासाठी वाटेला आडवा हलका ढाळ द्या. दोन्ही बाजूंना 3 इंच उंच कड ठेवा. चाक घसरत नाही आणि काठी घेऊन चालणाऱ्याला वाटेची हद्द कळते. शहाबादी फरशीवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, ती टाळलेलीच बरी.

उंच वाफ्यांत सगळ्यात जास्त चुका होतात. खुर्चीत बसल्यावर कोपर जमिनीपासून साधारण 27-28 इंचांवर येतं. खुर्ची वाफ्याला समांतर लावून काम करायचं असेल तर वाफा 24 इंच उंच पुरतो. अनेक जण टेबलासारखा, खाली गुडघे जातील असा वाफा मागतात. त्याचा हिशेब आधी करून बघा : गुडघ्यांसाठी 27 इंच, तळाची फळी 1 इंच, माती 8 इंच, म्हणजे मातीचा वरचा थर 36 इंचांवर गेला. तिथे हात वर करून काम करावं लागतं आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात. टेबल-वाफ्यात माती 5-6 इंचच ठेवा आणि मेथी, कोथिंबीर, पालक एवढंच लावा. टोमॅटो-वांगी 24 इंची वाफ्यात. नेमकी उंची मात्र त्या व्यक्तीच्या कोपराचं माप घेऊनच ठरवा.

दोन्ही बाजूंनी हात पोचणार असेल तर रुंदी 4 फूट, भिंतीलगत 2 फूट. लांबी 8 फुटांपुढे नको, नाहीतर वळसा फार पडतो. माती दोन भाग, शेणखत एक भाग, कोकोपीट एक भाग. पहिल्या पावसाळ्यात ती 3-4 इंच बसते, तेव्हा भर घालायला मिश्रण राखून ठेवा. बाग पार्किंगच्या स्लॅबवर असेल तर थांबा : 8 × 4 × 2 फुटांचा भिजलेला वाफा दोन ते तीन टन भरतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक घमेलंही टाकू नका.

प्रश्न : माझा 22 वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. बागेत रमतो, पण पाणी घालायला लागला की थांबत नाही आणि तणाबरोबर रोपंही उपटतो. मग लोक त्याला नुसतं बसवून ठेवतात.
— एक आई, नाशिक

काम कुठे संपतं ते त्याला दिसत नाही, अडचण बहुधा तिथेच आहे. ‘पुरेसं पाणी घाल’ हे सांगणं मोघम आहे. प्रत्येक वाफ्यासमोर एक बादली ठेवा आणि आत रंगाची रेघ ओढा. रेघेपर्यंत भरायची, दीड लिटरच्या झारीने घालायची, बादली रिकामी झाली की तो वाफा झाला. ठिबक बसवून हे काम काढून घेऊ नका, पाणी घालणं हेच अनेकांचं सगळ्यात आवडतं काम असतं.

तणासाठी बी फेकून पेरण्याऐवजी रोपं लावा आणि प्रत्येक रोपाभोवती पीव्हीसी पाइपचं 2 इंच उंचीचं, एकाच रंगाचं कडं बसवा. कड्यातलं राखायचं, बाहेरचं उपटायचं. मेथीला कडी चालत नाहीत. तिचा वाफा सुरुवातीला दुसऱ्या कुणाकडे द्या.

कामाच्या पायऱ्यांचे फोटो आपल्याच बागेत काढा, चित्रं नकोत. चार-पाच कार्डं लॅमिनेट करून खिळ्याला अडकवा, पायरी झाली की कार्ड उलटं करायचं. शिकवताना शेवटची पायरी आधी शिकवा, म्हणजे काम पुरं केल्याचं समाधान पहिल्या दिवसापासून मिळतं. पावसाने सुट्टी झाली तर दिनक्रम मोडतो आणि त्रास होतो. त्या दिवसांसाठी बियांची पाकिटं भरणं, पाट्या रंगवणं असं छपराखालचं काम आधीच ठरवून त्याला सांगून ठेवा.

प्रश्न : दिव्यांगांच्या कार्यशाळेत बाग करतोय. कोणती झाडं नकोत?
— शिक्षिका, सांगली

कण्हेर, बिट्टी, धोतरा, एरंड, गुंज, रुई आणि डिफेनबेकिया आवारातच नकोत. काही जण पानं-बिया तोंडात घालतात. भेंडीची लव खाजते, गवती चहाची पात कापते. ती लावा, पण पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे असू द्या. मिरची तोडल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्याला हात नाही. पानओवा, पुदिना, तुळस, झेंडू निर्धास्त लावा. मेथी 25-30 दिवसांत हाती येते, म्हणून पहिलं पीक तेच. दसऱ्याला झेंडू हवा तर जुलैत रोपं टाका.

काम सकाळी 7 ते 9. फिट्सच्या काही औषधांनी घाम कमी येतो, मानेजवळ मणक्याला इजा झालेल्यांनाही घाम नीट येत नाही. त्यांना ऊन इतरांआधी बाधतं. सावलीतला बाक आणि पिण्याचं पाणी लांब नको. धनुर्वाताची लस सगळ्यांनी घेतलेली असावी.

प्रश्न : काही सभासद म्हणतात, त्यांच्यासाठी कोपऱ्यात वेगळा वाफा करू. काय सांगावं?
— समिती सदस्य, ठाणे

नको म्हणून सांगा. कोपऱ्यातला वाफा दोन महिन्यांत ओस पडतो, कारण तिथे येणं-जाणंच नसतं. उंच वाफे बागेभर विखरा, निदान एक नळाजवळ. गुडघेदुखीचे आजी-आजोबाही त्यावर हक्काने येतील. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता आहे आणि त्यातली बरीचशी बाहेरून दिसत नाही, तेव्हा एका रॅम्पवर विषय संपवू नका. एक शांत कोपरा मात्र जरूर ठेवा, आवाज असह्य झाला की जाऊन बसण्यासाठी, आणि तो सगळ्यांना खुला असू द्या. कामाच्या पाळीत या तरुणांची नावं इतरांसारखीच लिहा, समितीत एक जागा द्या. भाजी निघाली की सगळ्यांसमोर तोलून वाटा, आणि विकली तर त्यांचा वाटा त्यांच्याच हातात किंवा त्यांच्याच खात्यात जाऊ द्या.