पूर आणि बाळंतपण या विषयावरचा एखादा चित्रपट सुचवाल का?

'द एंड वी स्टार्ट फ्रॉम' (2023) बघा. मेगन हंटर यांच्या कादंबरीवर बेतलेला, दिग्दर्शन माहालिया बेलो यांचं. लंडन पुरात बुडतंय आणि नेमक्या त्याच वेळी नायिकेला कळा सुरू होतात. पुढे निवारा केंद्रात जागा मिळते ती फक्त आई आणि बाळाला. नवरा मागे राहतो. तिथे तिला दुसरी एक तान्हं बाळ घेतलेली बाई भेटते, आणि माझ्या मते खरा चित्रपट या दोघींचाच आहे. नायिका झालेल्या अभिनेत्री जोडी कोमरचं काम अप्रतिम. बेनेडिक्ट कंबरबॅच मात्र थोडाच वेळ दिसतो, त्याच्यासाठी बघू नका. लाटा, हेलिकॉप्टर, धावपळ असला मसाला हवा असेल तर कंटाळाल.