प्रकार्यवादानुसार अर्थ शब्दात असतो की वापरात? परीक्षेत उदाहरण कुठलं द्यावं?

प्रकार्यवाद म्हणजे भाषा काय काम करते यावरून तिच्याकडे पाहणं; नेमकी व्याख्या तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल. उदाहरणाबद्दल मात्र मला बोलायचंच आहे, कारण त्यावरूनच एम.ए.च्या तोंडी परीक्षेत माझं बिनसलं होतं.

मी मालवणकडचा, रापणकाराचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्याचा मुलगा. परीक्षकांनी भाषाशास्त्रज्ञ याकबसनने सांगितलेल्या भाषेच्या सहा कार्यांपैकी संपर्काच्या कार्याचं, म्हणजे नुसता संबंध जोडणाऱ्या किंवा टिकवणाऱ्या बोलण्याचं, उदाहरण मागितलं. मी म्हटलं, 'खंय चललंस?', म्हणजे कुठे चाललास. आमच्याकडे वाटेत भेटेल त्याला हे विचारतात. 'हयच, बाजारात' म्हणेपर्यंत विचारणारा पुढे गेलेलाही असतो. ते म्हणाले, "हा माहिती मागणारा प्रश्न आहे. आणि बोलीतलं नको, प्रमाण भाषेतलं द्या. 'हॅलो' म्हणा." मी 'हॅलो' म्हटलं. पंधरा वर्षं झाली, अजून ते टोचतं.

आता तेच वाक्य आमच्या घरात ऐका. मी आठवीत होतो. पहाटेपासून वारा सुटलेला, समुद्राची गाज घरापर्यंत येत होती. बाबा दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून उंबऱ्याशी आले. आजी चुलीपुढे बसलेली. मान न वळवता म्हणाली, "खंय चललंस?" कुठे ते तिला पक्कं ठाऊक होतं. बाबा काही बोलले नाहीत. दोर पडवीत ठेवला आणि चहा मागितला. वाक्य तेच, पण इथे ते 'जाऊ नको' सांगत होतं.

रापण ओढतानाही तसंच. दोन टोकांना माणसं, समुद्रात जाळ्याचा अर्धगोल. एक बाजू पुढे सरकली की बाबा हात वर करून ओरडायचे, "रव!" आणि वीसेक माणसं दोर धरून जागच्या जागी थांबायची. आजी निघालेल्या पाहुण्याला 'रव' म्हणाली तर त्याचा अर्थ जेवून जा.

मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने १९२३ च्या निबंधात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअँड बेटांवरच्या मासेमारीवरून हेच दाखवलं: होडीतून जाळं टाकताना निघालेला शब्द हा त्या कामाचाच भाग असतो, कामाचं वर्णन नव्हे. वाटेवरच्या विचारपुशीला 'फॅटिक' हे नावही त्यानेच दिलं. आधी तो हे 'आदिम' भाषांपुरतं मानायचा. १९३५ मध्ये त्याने स्वतःच ती चूक कबूल केली. एवढ्या मोठ्या माणसाने मत बदललं, आणि आमच्याकडे अजून बोलीतलं उदाहरण चालत नाही!

सहा नावं घोकू नका. मानसशास्त्रज्ञ ब्यूलरने १९३४ मध्ये तीनच कार्यं सांगितली होती: बोलणाऱ्याचं मन व्यक्त करणं, ऐकणाऱ्याला हलवणं, वस्तुस्थिती मांडणं. आजीचं वाक्य दुसऱ्यात सरळ बसतं. वाटेवरचं मात्र तिन्हीत नीट बसत नाही, म्हणून याकबसनने संपर्काचं कार्य वेगळं काढलं ते योग्यच. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडेबद्दल विचारलंत तर त्याचीही कार्यं तीन: अनुभव मांडणं, नातं सांभाळणं, मजकूर बांधणं. बाकीचं पुस्तकात आहे.

एक राहिलं. 'अर्थ फक्त वापरात' असं ठोकून लिहू नका. 'रव' म्हणजे 'ओढ' असं बाबांनी एकट्याने ठरवलं असतं तर जाळं फाटलं असतं. आधी सगळ्यांत ठरलेलं चिन्ह लागतं, तेवढं भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचं म्हणणं मान्य करावंच लागतं. आणि मी काही भाषाशास्त्राचा प्राध्यापक नाही, शाळेत मराठी शिकवतो.

उदाहरण तुमच्या गावातलंच द्या. परीक्षकांनी अडवलं तर याकबसनचा १९६० चा लेख पुढे करा. एकच कार्य करणारी उक्ती क्वचितच सापडते, बहुतेकींत अनेक कार्यं असतात आणि त्यांतलं एक प्रधान असतं, असं तो त्यात स्वतः म्हणतो. म्हणजे 'खंय चललंस' रूपाने प्रश्न असूनही संपर्काचं उदाहरण होतंच. हे मी तेव्हा वाचलेलं होतं. समोर बसल्यावर आठवलं नाही.