ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे डोकं गहाण ठेवणं का? गावच्या प्रार्थनासभेत 'प्रश्न विचारू नका' म्हणतात.

नाही, प्रश्न विचारणं ख्रिस्ती श्रद्धेच्या विरोधात नाही. बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र, अध्याय 3, वचन 15 सभेतल्या लोकांनाच उघडून दाखवा: तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, अशा अर्थाचं तिथं लिहिलं आहे. (आणि तेही सौम्यतेनं, हे सहसा कोणी वाचत नाही.) तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञानं बुद्धीची हद्दही आखून दिली. देव आहे, इथवर बुद्धी स्वतःच्या पायांनी पोचते. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मात्र देवानं प्रकट केल्याशिवाय कळत नाही. उदाहरण आपल्याच भागातलं घ्या. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप सुवार्ता सांगायचे, तसेच खडक आणि जीवाश्मही अभ्यासायचे. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं (दगडांची प्राचीन वर्तुळं) पाहून परतताना ते पूर आलेल्या नदीत बुडाले. दोन्ही कामं त्यांना एकमेकांच्या आड आली नाहीत. एक मात्र आहे, सगळे पंथ बुद्धीला सारखा मान देत नाहीत. कॅथलिक परंपरा तिच्यावर बराच भरवसा टाकते, तर तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या बाबतीत प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनं तिच्यावर कडक शब्दांत टीका केली. तेव्हा सभा कोणत्या पंथाची, ते आधी विचारा.