शंका घेणारं पात्र लिहिताना

तुझ्या भुताच्या कथेचा पहिला भाग वाचला. तुझा डॉक्टर पहिल्याच प्रसंगात अंगाऱ्यावर हसतो, आणि तिथेच कळतं की शेवटी हाच तोंडावर आपटणार. भुताखेतांच्या मालिकांनी हा साचा घासून गुळगुळीत केलाय. शंका घेणारा म्हणजे उर्मट, शहरी, आईचं न ऐकणारा!

त्यापेक्षा त्याला कामाला लाव. बुवा मंत्र पुटपुटत होमात 'तूप' सोडतो आणि काडी न लावता जाळ होतो, तो प्रकार घे. तूप नसतंच ते, ग्लिसरीन असतं. खाली पोटॅशियम परमँगनेटची पूड. गंमत मधल्या काही सेकंदांत आहे. आधी काहीच होत नाही, मग धूर, मग एकदम भडका. मंत्र लांबतो तो त्यासाठी. तुझ्या डॉक्टरला ही वाट बघणं खटकू दे. तुपाचा वास कसा येत नाही, हे त्याच्या नाकाला कळू दे. एकदा त्याचा अंदाज चुकूही दे.

भाषण मात्र नको. अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्तेसुद्धा आधी चमत्कार करून दाखवतात, लोकांना थक्क करतात आणि मग उलगडतात. आणि २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा संवादात कोंबू नकोस. फौजदार कथेत आला की बघू.